शबानाला दिलेलं कारण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तरी घरी असतो कुठे? आठवडाभर साइटवर. मुलगा कॅनडात. अल रीम आयलंडवरच्या या उंच फ्लॅटमध्ये मी आणि एसी, दोघंच.

परवा शबानाबरोबर सिनेमाला गेले. शबाना मूळची रत्नागिरीची. अबू धाबीत मी पोटभर मराठी बोलते ती फक्त तिच्याशी. सिनेमा युरोपातला, युद्धाच्या काळातला. एक ज्यू कुटुंब भाड्याची खोली शोधत फिरतं. एक घरमालकीण त्यांना आत बोलावते, कॉफी देते आणि गोड आवाजात सांगते — खोली कालच गेली हो.

मी रडायला लागले ते थांबेचना. शबानाने टिश्यू दिला, माझा हात धरून ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं सुजाता, किती मनाला लावून घेतेस! यल्ला, चहा पिऊ या."

किती हळवी ना मी?

काही वर्षांपूर्वी तिच्या मुलीला, सनाला पुण्यात आर्किटेक्चरला अ‍ॅडमिशन मिळाली. हॉस्टेल भरलेलं. पुण्यातला आमचा फ्लॅट रिकामा आहे, हे शबानाला ठाऊक होतं. तिने विचारलं. मी तिला बसवलं, चहा दिला, आणि — कसं सांगू? — म्हटलं, "अगं, कालच आमच्या दिरांना दिला गं."

दीर नागपुरात असतात. फ्लॅट तेव्हा बंद होता, आजही बंद आहे.

सनाला तिथे कुणीच जागा दिली नाही. नाव सांगितलं की खोली नेमकी गेलेली असायची. शेवटी पोरगी परत आली आणि इथेच एका ऑफिसात चिकटली. मी जवळ घेऊन सॉरी म्हटलं तर म्हणाली, "इट्स ओके, आँटी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलले नाही. शबाना गेली तर माझं इथे कोण उरतं?

ती अजूनही विचारते, दीर बरे आहेत ना पुण्यात? बरे आहेत, मी म्हणते.

माझ्या मनात तसलं काही नव्हतं, सोसायटीनेच परवानगी दिली नसती — असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. सोसायटीला मी विचारलंच नव्हतं. एक फोनसुद्धा केला नव्हता.