अणूच्या तुरीची भज्जी

चाकूरचे ते किराणा दुकानदार कपाळाला भस्म लावून रेडिओसमोर उभे राहत आणि बातम्या लागल्या की सरकारला हुकूम सोडत, "आदी पेरायला बी द्या सायेब, बाकीचं मागून!"

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराच्या दुष्काळात अणुखात्यानं खरंच ऐकलं. बियाण्यावर किरण सोडून निपजवलेली तूर दुकानदारांच्या रानात आली आणि थोड्या पाण्यावर शेंगांनी लगडली. पण अणूचं नाव ऐकून लोक खायला घाबरत. खात्याचे साहेब म्हणाले, "लोक खात नसतील, तर पुढचं बी दुसऱ्या जिल्ह्यात देऊ."

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, रानातल्या जेवणाला कुणी नाही म्हणत नाही. दुकानदारांनी साहेबांसकट सगळा गाव रानात बोलावला. भज्जीत, म्हणजे ओले दाणे नि भाज्यांच्या त्या घट्ट कालवणात, त्याच तुरीचे हिरवे दाणे होते. पंगत बसली, पण हात कुणाचा हलेना. त्यांनी पहिला घास स्वतः खाल्ला, दुसरा नातीला भरवला. मी गावच्या शाळेतली बाई; पोरीला असं पुढे केलेलं मला आवडलं नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमी तर विज्ञान शिकिवता. खावा की!"

मी खाल्लं. "मीठ कमी हाय," मी मोठ्यानं म्हटलं. हशा पिकला आणि गाव भज्जीवर तुटून पडला.

साहेबांनी पुन्हा पत्रावळ पुढे केली. दुकानदारांनी पळी मागे घेतली.

"आदी बी कबूल करा सायेब, भज्जी मागून!"