त्याचे पाय टेकत नव्हते

बाइकच्या चेनवर मारायच्या स्प्रेचा वास आला की मला आरे कॉलनीतला तो उतार दिसतो. लडाखला जायचं म्हणून आम्ही दोघा मित्रांनी सिंगल सिलिंडरच्या दोन मोठ्या बाइक चालवून बघायला आणल्या होत्या. एक जड पण बुटकी, दुसरी हलकी पण उंच. "यार, हिच्यावर माझे पाय टेकत नाहीत," उंच बाइकवर बसून तो म्हणाला. "सवय होते रे, दगडधोंड्यांत हीच झकास," मी शहाणपणा केला. उतारावर म्हशी आडव्या आल्या. तो थांबला, त्याने पाय खाली टाकला, पण पाय जमिनीला पोचलाच नाही. बाइकसकट तो शेजारून जाणाऱ्या टँकरखाली गेला. दोन्ही बाइकची तुलना मी ज्या वहीत केली होती, ती माझ्याकडे अजून आहे. तीत वजन, टाकी, सीटची उंची, सगळं लिहिलंय. त्याची उंची कुठेच नाही.