अडकलेला अंगठा

शहनवाजच्या गळ्याला वस्तरा लावायच्या आधी इंद्रजितने उजवा हात खिशात घातला आणि अंगठा दोनदा मिटून उघडून पाहिला. पहिल्यांदा सरळ उघडला. दुसऱ्यांदा मध्येच अडकला आणि मग खट् करून सुटला. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने साबणाचा ब्रश उचलला.

इंद्रजित राऊत नेऱ्याचा. जांब्यात, भाड्याने राहणाऱ्या आयटीवाल्यांच्या इमारतींखाली, त्याचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. एकवीस वर्षं झाली. त्याच्या हाताला वजनच नाही असं लोक म्हणायचे, वस्तरा कधी फिरला ते कळायचं नाही. पण नेरे, मारुंजी, चांदे या गावांत त्याला ओळखायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. इंद्रा बैलांचा साज करायचा. बैलाच्या तोंडावर चढवायची, सुती दोऱ्याच्या बारीक गाठींची म्होरकी, गळ्यातला घुंगरांचा कंडा, शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे. त्याच्या स्वतःच्या दारात बैल नव्हता, वडील असतानाच गोठ्याच्या जागी खोल्या झाल्या होत्या. पण हौस काही जाईना. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो खुर्चीच्या दांडीला दोरा बांधून गाठी मारत बसायचा. सोमवारी दुकान बंद, म्हणजे सोमवार अख्खा त्याचाच. दोऱ्याचा वेढा अंगठ्याला घ्यायचा आणि कचकन ओढायचा, ही त्याची पद्धत. त्याची गाठ बैलाने मान झटकली तरी ढिली होत नसे. एका म्होरकीला अशा हजारभर गाठी.

त्या वर्षी मौला मुलाणींनी त्याला जोडीचा पूर्ण साज सांगितला होता. मौलाचाचा मारुंजीचे, साठीचे, खोंडं पारखण्यात तालुक्यात नाव असलेले. त्यांनी नवी जोडी आणली होती आणि चैत्रातल्या जत्रेच्या मिरवणुकीत ती इंद्राच्या हातच्या साजात चालायला हवी होती. इंद्रजितने दिवाळीनंतर काम धरलं. डिसेंबरात अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याकडून, हरभऱ्याएवढं काहीतरी टोचू लागलं. जानेवारीत सकाळी उठल्यावर अंगठा वाकलेला असायचा. दुसऱ्या हाताने धरून उघडावा लागायचा. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. एकदा चहाचा कप हातातून सुटून बशीवर पडला, तेव्हा बायको हेमलताने विचारलं, "काय झालं वो हाताला?"

"कुटं काय? कप वला व्हता."

हेमलता हिंजवडीतल्या एका कंपनीत साफसफाईच्या बायकांवर देखरेख करते. खोटं बोलणारी माणसं तिला रोज बघावी लागतात. तिने सांडलेला चहा पुसला. पण त्या रात्रीपासून तो बाम लावून झोपतो आणि वास येऊ नये म्हणून हात पांघरुणाबाहेर ठेवतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

आणि फेब्रुवारीत मौलाचाचांच्या मुलाचं, शहनवाजचं, लग्न निघालं. नवऱ्या मुलाची दाढी कोरायचा मान इंद्राचा. नाही कसं म्हणणार?

मुलाण्यांच्या अंगणात मांडवाखाली खुर्ची ठेवली होती. शहनवाजच्या चुलत बहिणी अर्शी आणि जस्मीन मोबाइल धरून उभ्या होत्या, काहीतरी चेष्टा चालू होती. गालांवरची कड नीट उतरली. इंद्रजितने शहनवाजची मान मागे टेकवली, डाव्या हाताने कातडी ताणली आणि हनुवटीखालून वस्तरा वर घेतला. अर्ध्यावर अंगठा अडकला.

या वेळी तो खट् करून सुटला नाही. वाकला तो तसाच राहिला, वस्तऱ्याची मूठ आवळून. पातं शहनवाजच्या कंठमण्याच्या बाजूला टेकलेलं. इंद्रजितला हात पुढे नेता येईना आणि मागेही घेता येईना. जरा जोर केला असता तर पातं कुठे गेलं असतं, सांगता येत नव्हतं. तेवढ्यात अर्शी काहीतरी बोलली आणि शहनवाजच्या गळ्यात हसू आलं. पात्याखाली कंठमणी वर सरकला.

"हलू नगं," इंद्रजित म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "गप ऱ्हा. गिळू बी नगं."

शहनवाजचं हसू थांबलं. मुली गप्प झाल्या. इंद्रजितने कातडीवरचा डावा हात अलगद काढला, स्वतःचंच उजवं मनगट धरलं आणि उसाचं कांडं उचलावं तसा अख्खा हात सरळ वर उचलला. वस्तरा हवेत आला. पाठ फिरवून त्याने डाव्या हाताने अंगठा ओढला. कळ कोपरापर्यंत गेली. अंगठा सुटला आणि वस्तरा मातीत पडला.

"काय झालं दादा?" शहनवाजने विचारलं.

"पात्याची धार गेली. थांब, दुसरं लावतो."

उरलेला गळा त्याने डाव्या हाताने, यंत्राने उतरवला. पाणी मारलं, तुरटी फिरवली. रक्ताचा थेंब नव्हता. मौलाचाचा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. ते बघत होते की नाही, हे वर मान करून पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

त्या संध्याकाळी त्याने हेमलताला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात पिठातच राहिले.

"तुमाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "अंगठा आडकतोय हे म्हैनाभर ठावं व्हतं तुमाला. तरी गेला."

"मान व्हता गं त्यो."

"आन त्या पोराचा गळा?"

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि त्याला वाकडला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी अंगठ्याच्या बुडाशी बोट दाबलं आणि त्याला अंगठा मिटायला सांगितलं. खट्.

"इथून एक दोरी जाते," त्या म्हणाल्या, "आणि ती एका कड्यातून सरकते. सारखं ओढून, आवळून दोरी सुजली आहे. सुजलेला भाग कड्यात अडकतो. काम काय करता?"

"सलून हाय."

"नुसत्या कात्रीने एवढं होत नाही. आणखी काय करता?"

इंद्रजितने हेमलताकडे पाहिलं. मग फोनवरचे फोटो दाखवले. बाईंनी एक फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "आणि हेच बंद करायचं आहे. सहा आठवडे एकही गाठ नाही. इंजेक्शन देते, पट्टा देते. वस्तराही धरायचा नाही."

इंजेक्शनने जादू केल्यासारखं झालं. बाराव्या दिवशी दुखणं गेलं, अंगठा गुमान उघडू लागला. सलूनमध्ये त्याचा चुलत भाऊ अमोल दाढ्या करत होता, हा नुसतं यंत्र चालवायचा. पण लग्नातली गोष्ट मारुंजीहून जांब्यापर्यंत आली होतीच. एकवीस वर्षांपासूनची गिऱ्हाइकं आत आली की अमोलच्या खुर्चीकडे जायची. एकाने तर विचारलं, "इंद्रा, थरथरतो म्हनं तुजा हात?" इंद्रजित हसला. हसताना जबडा दुखला.

घरी एका बैलाचा साज पुरा होऊन खुंटीला टांगलेला होता, दुसऱ्याची म्होरकी अर्धी. जत्रेला पंचवीस दिवस उरले होते. सोमवारी हेमलता कामावर आणि मुलगी जुईली कॉलेजात गेल्यावर त्याने पट्टा सोडला. शंभरच गाठी मारायच्या, असं त्याने ठरवलं. शंभर झाल्या, काही झालं नाही. मग वाटलं, गालपट्टी तेवढी पुरी करू. बोटांना आपलं काम आठवलं होतं, दोरा सुळसुळत होता, आणि किती दिवसांनी त्याला छातीत मोकळं वाटत होतं. दुपार कधी झाली ते कळलं नाही. एका गाठीला ओढ दिली आणि अंगठा मिटला.

मिटला तो मिटलाच. डाव्या हाताने ओढून, कोमट पाण्यात धरून, दाराच्या कडीत घालून पाहिलं. उघडेना. जुईली घरी आली तेव्हा तो मोरीत बसलेला होता, हात बादलीत, आणि ओठ पांढरे.

"पप्पा, सोडा ते! ओढू नका!" ती ओरडली आणि आईला फोन लावला.

हेमलता आली, पण भांडली नाही. तिने अर्धी म्होरकी उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. ती रागावली असती तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

आता ऑपरेशनवाचून इलाज नव्हता. काप छोटा, पंधरा मिनिटांचं काम, भूल फक्त हाताला. इंद्रजित जागाच होता. हिरव्या पडद्यापलीकडे त्याचा हात त्याला दिसत नव्हता. दुसऱ्याच्या कातडीवर पातं चालवण्यात त्याचा जन्म गेला होता. आज पातं त्याच्या हातावर होतं आणि त्याला नुसतं पडून राहायचं होतं. हात कामातून गेला तर? अमोल किती दिवस येईल? छताकडे बघत त्याने दिव्याच्या जाळीतले चौकोन मोजायला घेतले. मोजणी चुकली, पुन्हा घेतली.

"आता हलवा अंगठा," बाई म्हणाल्या.

त्याला धीर होईना.

"राऊत, हलवा. मला बघायचं आहे."

त्याने हलवला. आवाज आला नाही. पुन्हा हलवला. कुठे अडलं नाही. त्याच्या कानांवरून पाणी ओघळून मानेखालच्या कागदावर टपकलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण रडतोय.

टाके असतानाच तो मौलाचाचांकडे गेला. एका बैलाचा साज पिशवीत घातला होता. चाचा गोठ्यात होते.

"चाचा, जोडीचा पुरा न्हाई झाला. एकाचाच हाय." त्याने बँडेज दाखवलं.

चाचांनी पिशवीकडे पाहिलंच नाही. "लग्नाच्या दिशी मी खांबाला टेकून हुतो," ते म्हणाले. "समदं बघितलं. तवाच का बोललो न्हाई, तर मांडवात पाव्हणे हुते. तुला ठावं हुतं का न्हाई, हात आडकतोय ते?"

इंद्रजितला खोटं बोलता आलं असतं. "व्हय," तो म्हणाला. "ठावं व्हतं."

"आन तरी माज्या पोराच्या नरड्याला वस्तरा लावलास?"

"चुकलो, चाचा."

"साज घिऊन जा तुजा," चाचा म्हणाले आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. इंद्रजित पिशवी घेऊन निघाला. जत्रेच्या मिरवणुकीत मुलाण्यांची जोडी बाजारातल्या प्लास्टिकच्या माळा घालून चालली. तो गर्दीत मागे उभा होता. पुढे गेला नाही.

टाके निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. ओला स्पंज दाबायचा, मऊ पीठ मळायचं, अंगठ्याने एकेका बोटाच्या टोकाला शिवायचं. वस्तरा धरायचा सराव त्याने फुग्यावर केला. जुईली फुगे फुगवून द्यायची, तो त्यांना साबण लावून दाढी करायचा. पहिल्या दिवशी पाच फुटले. तीन आठवड्यांनी एकही फुटला नाही. तरी माणसाच्या गळ्याला वस्तरा लावायची वेळ आली की तो अमोलला हाक मारायचा. अंगठा बरा होता. मन अडकत होतं.

मे महिन्याच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी, मौलाचाचा सलूनमध्ये आले. अमोल यायचा होता. चाचा सरळ इंद्रजितच्या खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाढी," ते म्हणाले. "समदी काढ. दातांच्या डागदरानं सांगितलंय."

"अमोल येतोय, चाचा. धा मिंटं."

"अमोलकडं न्हाई आलो मी."

इंद्रजितने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. अंगठा मिटून उघडला, चाचांच्या देखत, आरशासमोर. पाच वेळा. पाचही वेळा उघडला. "आडकला तर सांगतो आन थांबतो," तो म्हणाला.

"या येळी सांग," चाचा म्हणाले आणि डोळे मिटले.

गळ्यापाशी आल्यावर त्याने वस्तरा पुसून घेतला. म्हाताऱ्या गळ्याची कातडी सैल, सुरकुत्यांची. ताणायची, वस्तरा एकदा फिरवायचा, थांबायचं, अंगठा उघडायचा, पुन्हा धरायचं. एरवी दहा मिनिटांची दाढी, पाऊण तास लागला. चाचांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. शेवटी गालावर हात फिरवून उठले, आरशात पाहिलं. "कानापाशी ऱ्हायलंय," एवढंच म्हणाले. इंद्रजितने ते काढलं.

चाचांशी बोलणं पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. शहनवाज अजून दाढी अमोलकडूनच करून घेतो, आणि इंद्रजित त्याला काही म्हणत नाही.

कपाटाची किल्ली हेमलताने पावसाळ्यानंतर दिली, एका वेळी वीसच मिनिटं अशी अट घालून. आता तो दोरा अंगठ्याला गुंडाळत नाही. बाभळीच्या लाकडाची एक वीतभर दांडी केली आहे, तिला वेढा देऊन मुठीने ओढतो. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावतो. गजर झाला की उठायचं, मग गाठ अर्धी असो की पाऊण. परवा चांद्याचा एक माणूस बैलांचे व्हिडिओ घेऊन आला होता, महिन्याभरात जोडीचा साज पाहिजे म्हणून. इंद्रजितने नाही म्हटलं. त्या माणसाला पटलं नाही, तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेला.

दांडीने ओढलेली गाठ पूर्वीसारखी दगडी बसत नाही, हे त्याला दिसतं. इतर कुणाला दिसत नसावं. गजर होतो, बोटांना आणखी थोडं हवं असतं, दोरा अगदी वळणावर आलेला असतो. अशा वेळी हातातलं ठेवून उठताना त्याला अजूनही राग येतो. कधीकधी तो गजर बंद करून एक गाठ जास्त मारतो. मग घाबरून अंगठा उघडून बघतो, आणि उठतो.