धांदरट कुणी म्हणायचं

माझी मुलगी पोलंडमध्ये शिकते. तिथे ती एका पोलिश मुलीबरोबर एकाच खोलीत राहते. मागच्या थंडीत एका रविवारी आमचा व्हिडिओ कॉल चालू होता. ती मुलगी बाहेरून आली, लेकीपुढे किल्ली नाचवत "गापो" असं काहीतरी म्हणाली आणि हसली.

"काय म्हणली ती?"

"काही नाही आई. किल्ली बाहेर दारालाच राहिली होती. म्हणजे धांदरट. इथं सगळेच म्हणतात."

माझं डोकंच फिरलं. लेक धांदरट आहे, हे मला कुणी सांगायला नको. बारावीच्या पेपरला हॉलतिकीट घरी विसरून गेली होती, ते घेऊन मीच पळाले होते. पण तिला तसं म्हणायला मी आहे, तिची आत्या आहे. चार महिन्यांच्या ओळखीवर ही कोण लागून गेली?

"तिला आजच सांग, असलं चालणार नाही."

घाटनांदूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी काज-बटण करणाऱ्या बाईला मी हे तावातावाने सांगितलं. सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "तुमी मला दिवसातून धा वेळा येडी म्हणता, ते?"

"तू आपली हायेस."

"मला इचारलं व्हतं का कदी?"

मी तिच्यापुढे आणखी चार ब्लाउज टाकले.

पुढच्या रविवारी लेकीचा चेहरा उतरलेला होता. तिने माझं ऐकलं होतं. तेव्हापासून मैत्रीण तिला पूर्ण नावाने हाक मारत होती, साधं मीठ मागतानाही आधी कृपया म्हणत होती, आणि आता दुसरी खोली शोधत होती. त्या इमारतीत लेकीशी बोलणारी ती एकटीच.

हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्याकडे माणूस खरा दुखावला की अहो-जाहोवर येतो. माझी जाऊ मला एरवी भवानी म्हणायची. एकदा बिनसलं, तेव्हा सहा महिने "अहो ताई, पाणी घेता का?" त्या पाण्याचा घोट उतरायचा नाही. एवढं सोसूनही मी लेकीला तेच भोगायला लावलं. राग मात्र त्या पोरीचाही आला. एवढ्या-तेवढ्यावरून कुणी खोली सोडतं का?

"तिला सांग, म्हणत जा खुशाल."

"आई, परवानगी घेऊन कुणी असं म्हणतं का?"

"मग तू म्हण तिला. मराठीत म्हण."

गुरुवारी मैत्रिणीने बटाटे जाळले. लेकीने पातेल्यात डोकावून "येडपट" म्हटलं. तिने अर्थ विचारला, लेकीने सांगितला. मैत्रिणीने पातेलं आणि घासणी लेकीच्या हातात कोंबली, आणि वर आपल्या भाषेत दोन-तीन शब्द ऐकवले. खोली शोधणं तिथेच थांबलं.

ती लेकीला काय काय म्हणते, हे मी आता विचारत नाही. परवा मात्र तिने कॉलमध्ये तोंड घालून मला "काकू" म्हटलं आणि पुढे काहीतरी पोलिश जोडलं. लेक हसत सुटली, अर्थ सांगेना. मी दोघींना बजावलं, मला काही म्हणायचं असेल तर आधी इथे येऊन चार दिवस माझ्या हातचं खावं लागेल.