नामंजूर झालेला उजेड

प्रेमसिंग भावसिंग आडे. जन्म अदमासे १९०८, मृत्यू एप्रिल १९६९. राहणार दारव्ह्यापासून दोन कोसांवरील तांडा. जन्माचे साल अदमासाने लिहावे लागते, कारण ते कोणी टिपून ठेवले नाही. त्याच्याविषयी जी एकच गोष्ट सरकारी थाटात टिपली गेली, ती धादांत खोटी आहे.

बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालणाऱ्यांचा हा नातू दारव्ह्याच्या एका सहकारी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, एकोणीस वर्षे रात्रीचा चौकीदार होता. होळीला तो पीत असे, तेही सर्वांदेखत, एरवी नाही. कापसाची गंजी एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, आत धुमसत राहते, हे त्याने पूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून गंजीभोवतीची त्याची फेरी कधी चुकली नाही.

१९६५ साली दिवाळीनंतर हंगामाची पहिली गंजी रचली गेली. ३० ऑक्टोबरच्या पहाटे, पावणेपाचच्या सुमारास, त्या गंजीच्या माथ्यावरून एक पांढुरका, तिरपा झोत वर गेलेला प्रेमसिंगला दिसला. खाली अरुंद, वर पसरट. धुमसत्या कापसातून धूर निघावा अगदी तसा. त्याने क्षणाचाही विलंब न लावता धोक्याच्या घंटेसाठी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण मारायला सुरुवात केली.

अर्धे गाव बादल्या घेऊन धावले. स्वतः बादली घेऊन गंजीला वळसा घालताच प्रेमसिंगला आपली चूक कळली: उजेड गंजीत नव्हता, पूर्वेच्या आभाळात होता. तो ओरडून सांगत होता, "वर पाहा, वर!" पण माणसे कंदील लावून कापूस उपसण्यात गढली होती. त्यांनी माना वर केल्या तेव्हा फटफटले होते आणि आभाळ रिकामे होते.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता संचालकांची सभा भरली. विषय: पहाटेच्या प्रकाशाचे कारण. अध्यक्षस्थानी व्यवस्थापक विठ्ठलराव होते. संचालकांपैकी कचेरीतले निवृत्त पेशकार देवराव यांनी, हा शत्रूचा सर्चलाइट होय, असे प्रतिपादन केले. सरहद्दीवरची लढाई थांबून महिना उलटला होता, पण त्यांची थांबली नव्हती. कंत्राटदार बळीराम यांच्या मते ती राजूरच्या चुनाभट्ट्यांची झळाळी होती. राजूर तेथून सत्तर मैलांवर आहे. दीड तास हे दोघे एकमेकांचे अज्ञान सप्रमाण सिद्ध करीत होते, आणि त्या बाबतीत दोघेही यशस्वी झाले.

दाराशी उभा असलेला प्रेमसिंग अखेर म्हणाला, "साहेब, उद्या बी दिसंन. पहाटे या, मी दाखवतो."

"पहाटे?" बळीराम दचकले. "मले खोकला हाय बापा."

"तू म्हणशील तेव्हा आम्ही उठायचं?" विठ्ठलराव गरजले. "मग इथं चौकीदार कोण अन् संचालक कोण?"

"ज्याले जागता येते तो चौकीदार, साहेब."

हे वाक्य त्याला भोवले. ज्या दोघांनी नुकतेच त्या उजेडाला शत्रू आणि चुनाभट्टी असे दोन बाप दिले होते, त्यांनीच हात वर करून तो जन्मलाच नाही असे ठरवले. पहाटे उठून पाहण्याची सूचना नामंजूर झाली. एकमताने लिहिले गेले: "सदर रोजी कोणताही प्रकाश नव्हता. चौकीदार नशेत होता. सबब त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे."

नोकरी गेल्याचे प्रेमसिंगला वाईट वाटले. पण तांड्यात भांडण निवाड्याला बसले की साक्षीला त्यालाच बोलावीत, आणि दारुड्याच्या साक्षीला कोणी किंमत देत नाही, हे त्याच्या मनाला अधिक लागले. दुसऱ्या पहाटे त्याने धुरपताबाईला, आपल्या बायकोला, उठवून अंगणात आणले.

तिने एकदाच वर पाहिले. "हा तं शेपटीचा तारा! एवढं बी कळलं नाही त्या शिकलेल्यायले?"

घटकाभरात सारा तांडा अंगणात उभा होता. तेथे सभा भरली नाही. पाहणे पुरेसे झाले.

आठवड्याने वर्तमानपत्रात धूमकेतूची बातमी आली. विठ्ठलरावांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि असा आपला तर्क होताच, असे जाहीर केले. मग बळीराम तांड्यावर आले.

"चाल कामावर. फक्त या कागदावर अंगठा दे, का त्या दिवशी घेतली होती म्हून."

"काहून? पेपरात तं तारा आला ना?"

"पेपरातला तारा नोव्हेंबरचा हाय. आपला ठराव ऑक्टोबरचा. तो कसा बदलन?"

"मंग त्या ताऱ्याचाच अंगठा घ्या," प्रेमसिंग म्हणाला.

"अन् जाताना पहाटेच निघा, कंत्राटदारसाहेब," आतून धुरपताबाई म्हणाली, "खोकला बरा असला तं!"

प्रेमसिंग पुन्हा जिनिंगची पायरी चढला नाही. पुढली तीन वर्षे त्याने तांड्यातल्या तुरीची राखण केली, आणि मरेपर्यंत साक्षीला तोच बसत असे. जिनिंगने मात्र नवा नियम केला: उजेड दिसल्यास चौकीदाराने प्रथम व्यवस्थापकांच्या घरी जाऊन त्यांना उठवावे आणि परवानगी मिळाल्यावरच रूळ वाजवावा. प्रेमसिंग नशेत असल्याचा तो जुना ठराव रद्द करावा, असे धुरपताबाईने एका शिक्षकाकडून दोनदा अर्ज लिहून कळवले. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले: विषय निकालात निघाला आहे.