अधिक महिन्यातला तिसरा विहार

सूर्योदय बघायला कड्यावरच्या विहारात गेलेले पाहुणे परत आले की माल्सुनताईंच्या स्वयंपाकघरात एकच धांदल उडते. त्या सकाळीही तेच चाललं होतं. भाड्यानं द्यायच्या चारही खोल्या भरलेल्या. एका चुलीवर शिंपल्यांचं सूप उकळत होतं, दुसरीवर मासे भाजले जात होते, आणि मी कोपऱ्यात बसून रात्री मिठात घातलेली मोहरीची पानं पिळत होते. आमच्या दोघींची किमची वर्षानुवर्षं तिच्याच घरी होते, कारण मोठा टब तिच्याकडे आहे. आणि खरं सांगायचं तर तिला माझ्या घरी येऊन बसता येत नाही.

सरकत्या दारापाशी, ऊबदार जमिनीवर तिचे यजमान गिहोभाऊ बसलेले होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हातात एक चमचा असतो. माल्सुनताई नजरेसमोर असली की चमचा मांडीवर पडून राहतो. ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि दोन मिनिटं दिसली नाही, की तो जमिनीवर आपटायला लागतो. सगळ्या गल्लीला तो आवाज ओळखीचा आहे.

तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या गावात दार कुणी वाजवत नाही. अंगणातूनच हाक मारायची आणि आत शिरायचं. मेंगबाई मात्र महिला मंडळाचं काम असलं की मुद्दाम वाजवतात, म्हणजे त्या शेजारीण म्हणून आल्या नाहीत, अध्यक्ष म्हणून आल्यात, हे समोरच्याला कळावं.

"ठरलं," बूट काढता काढताच त्या म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी. सकाळी डोंगरातला मोठा विहार, दुपारी टोकावरचा, आणि तिथून बोटीनं योन्दो. तिन्ही एका दिवसात. योन्दोवाली, तुझं नाव मी घातलंय."

माल्सुनताईंनी मासा उलटला. "माझं कसं जमणार?"

"ते मला नको सांगूस. अधिक महिना काय दरवर्षी येतो? मागच्या वेळी सोडलास, त्याच्या मागच्या वेळीही."

ती लग्न होऊन योन्दो बेटावरून आमच्या गावात आली, म्हणून सगळ्यांची योन्दोवाली. मी वयानं लहान, मी ताई म्हणते आणि ती मला युरीची आई. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बेट समोर दिसतं. धुकं नसेल तर त्यावरच्या विहाराचं छप्परही दिसतं. त्या विहारात तिच्या आईच्या नावाची पाटी आहे. आई गेली तेव्हा समुद्र खवळलेला होता, बोटी बंद, आणि इकडे सासू अंथरुणाला खिळलेली. अंत्यविधीला ही पोचली नाही. पुढे भावानं घर विकलं, आईच्या नावाची पाटी विहारात ठेवली आणि तो पुसानला निघून गेला. त्या पाटीपुढे माल्सुनताईंनी अजून डोकं टेकवलेलं नाही.

अधिक महिन्यात एका दिवसात तीन विहार केले की गेलेल्यांची वाट सोपी होते आणि आपलीही, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे दर वेळी गावातल्या बायका बस करून निघतात आणि दर वेळी माल्सुनताई सगळ्यांच्या जेवणाचे डबे भरून बस सुटेपर्यंत हात हलवते.

"सोकजूला विचारून बघा ना," मी म्हटलं.

सोकजू तिचा मुलगा. छांगवनला कारखान्यात असतो.

"त्याला रजा कशाला घ्यायला लावू?"

"घेऊ दे," मेंगबाई म्हणाल्या. "तुझ्यासाठी एक दिवस रजा घेतली तर कारखाना बंद पडणार नाही. आणि हे बघ, डबे तुझ्याकडेच हं. लसूण नको, कांद्याची पात नको, माशाचं काही नको. विहारात न्यायचंय."

म्हणजे ती गेली तरी डबे तिचेच. मला हसू आलं. माल्सुनताईंना नाही आलं. त्या मनातल्या मनात भाताचं माप करत असाव्यात.

सोकजू सोमवारी रात्री आला. मंगळवारी पहाटे बसपाशी माल्सुनताई जांभळा कोट घालून उभ्या होत्या. तो कोट मी पहिल्यांदाच पाहत होते. एका हातात डब्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात तांदळाची लहानशी पिशवी, वर लाल रिबिनीची गाठ. योन्दोच्या विहारात वाहायचे तांदूळ.

"घरचा तांदूळ आहे," बसल्यावर त्या मला म्हणाल्या. "निवडलेला. आईला खडा लागला की ती जेवणावरून उठायची."

बस हलली आणि मेंगबाईंनी माइक हातात घेतला. आमच्याकडची बस म्हणजे माइक आलाच. दोघी-तिघींची गाणी झाली, मग कुणीतरी म्हणालं, "योन्दोवालीनं गिहोभाऊंचं भाषण म्हणावं."

गिहोभाऊंची पर्यटकांना बेटं दाखवणारी बोट होती. कर्ण्यातून त्यांचं बोलणं किनाऱ्यापर्यंत ऐकू यायचं. माल्सुनताई नको नको म्हणत होत्या, पण माइक तोंडापाशी आलाच, तेव्हा त्यांनी घसा खाकरला आणि नवऱ्याच्या जाड आवाजात सुरू केलं:

"मंडळी, डावीकडे बघा. हत्ती पाणी पितोय. त्याला दगड म्हणू नका, त्याला राग येतो. आता उजवीकडे. ही म्हातारी नवऱ्याची वाट बघून बघून दगड झाली. ज्यांचे नवरे बोटीवर आहेत त्यांनी एकदा खात्री करून घ्या."

बस हसून हसून लोळली. पुढच्या सीटवरची टेलरबाई डोळे पुसत म्हणाली, "किती वेळा गेल्या असाल हो, सगळं पाठ आहे."

"मी कुठं गेले? धक्क्यावर मासे सुकवायला बसायची, तिथं ऐकू यायचं."

"एकदाही नाही? घरची बोट असून?"

"सीट पाहुण्यांसाठी असते." माइक परत देत माल्सुनताई म्हणाल्या, "हत्तीची पाठ दिसते धक्क्यावरून. सोंड पलीकडच्या बाजूला आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोकजू. औषधाची दुपारची पुडी कुठली, निळी की पांढरी. फोन ठेवला, पुन्हा वाजला. बाबा चमचा आपटतायत, काय करू. "टीव्ही लाव. मासेमारीचा चॅनेल लाव. नाहीतर माझा एप्रन खुंटीवर दिसेल असा टांग." हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

डोंगरातला विहार झाला. बायका सावकाश, गुडघे धरत नमस्कार घालत होत्या. माल्सुनताईंनी भराभर घातले, कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि फोन बघत राहिल्या. डबे झाडाखाली उघडले. गुंडाळलेल्या भाताचं सगळ्यांनी कौतुक केलं. माल्सुनताई झाकणं कुणाची कुठली ते जुळवत बसल्या.

टोकावरच्या विहारात खूप गर्दी होती. अधिक महिना, त्यात कड्यावरची कामेलियाची झाडं फुललेली. नमस्कार घालून आम्ही बाहेर आलो तर विहाराच्या स्वयंपाकघरातली बाई, तिला सगळे बोसाल म्हणतात, मनगटाला पट्टी बांधून अंगणात उभी होती.

"कुणाचे हात मोकळे आहेत का? भांडी तुंबलीयत, मला उचलवत नाहीयेत."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मेंगबाई म्हणाल्या, "आमच्या योन्दोवालीला घ्या. शंभर माणसांचं एकटी उरकते ती."

माल्सुनताईंनी एकदा धक्क्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बघितलं. मग तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. "धर. पाच मिनिटांत येते. मला सोडून जाऊ नका गं."

"मीही येते," मी म्हटलं.

"नको, दोघी कशाला? तू फुलं बघ."

मी फुलं बघायला गेले. खरंच फार सुंदर होती. झाडाखाली अख्खीच्या अख्खी गळून पडली होती, जणू कुणी उलटी करून मांडली असावीत.

मेंगबाईंची बायका मोजायची एक रीत आहे. विहाराच्या सभागृहाबाहेर पायरीवर सगळ्यांचे बूट काढलेले असतात. आत किती जणी उरल्यात ते बूट बघून कळतं. माणसं मोजण्यापेक्षा ते सोपं, माणसं हलतात. बोटीची वेळ झाली तेव्हा त्यांनी पायरी बघितली. एकही बूट नव्हता. "चला, सगळ्या खाली गेल्या," म्हणून त्या निघाल्या. माल्सुनताईंचे बूट मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात होते. आत ओलं असतं म्हणून त्यांनी तिथले रबरी बूट घातले होते.

पुढच्या घोळक्याला वाटलं ती मागून येतेय. मागच्यांना वाटलं ती पुढे गेलीय. बोट सुटली आणि मी पिशवी द्यायला तिला शोधू लागले. वरच्या डेकवर नव्हती. आत केबिनमध्ये नव्हती. टेलरबाई म्हणाली, "असेल मागे, उलटी होत असेल." मागे कुणीच नव्हतं.

"अगं, पायरीवर बूट नव्हता एकही," मेंगबाई मला पुन्हा पुन्हा सांगू लागल्या, जणू बूट नव्हता म्हणजे ती बोटीवर असायलाच हवी.

मी फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा लावला, बिझी. मग ती दिसली. धक्क्याच्या अगदी टोकाला, विहाराचा करडा एप्रन, पायात ते रबरी बूट, फोन कानाला. सोकजूशी बोलत होती. आमच्याकडे बघत होती. तिनं हात केला नाही, हाकही मारली नाही. नुसती बोलत होती आणि बघत होती.

मेंगबाई बोटवाल्यापाशी गेल्या. "मागे फिरव रे बाबा, आमची एक राहिली."

"मावशी, वारा बघा. आता फिरलो तर योन्दोला लागणारच नाही. बाकीच्यांनी काय करायचं?" बोटीत आणखी तीन गावच्या बायका होत्या. त्यांचाही तिसरा विहार व्हायचा होता. मेंगबाई परत येऊन बाकावर बसल्या.

बोट हत्तीच्या खडकाजवळून गेली. सोंड होती. पाण्यात बुडालेली, शेवाळानं हिरवी.

योन्दोच्या विहारात एका तरुण सुनीमनी, म्हणजे तिथल्या भिक्खूंनी, मला पाटी दाखवली. खालून दुसरी ओळ, खिडकीच्या बाजूला. मी तांदूळ ठेवले, रिबिनीची गाठ नीट केली आणि तिच्या वतीनं डोकं टेकवलं. पण माझं आणि त्या म्हातारीचं नातं काय? मी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

परत आलो तेव्हा माल्सुनताई धक्क्यावरच होत्या. आता स्वतःच्या बुटांत, जांभळ्या कोटात. हातात कागदात गुंडाळलेल्या तांदळाच्या वड्या. बोसालनी सगळ्यांसाठी दिलेल्या.

"सांगून नाही का जायचं?" मेंगबाई आधी रागावल्या. अपराध्यासारखं वाटलं की त्या रागावतात. मग आवाज खाली आला. "हे बघ, तांदूळ पोचले ना? म्हणजे तुझे तिन्ही झाले. सुनीमही तेच म्हणाले. हो ना गं?"

सुनीम असं काही म्हणाले नव्हते. पण सगळ्याच बायका माना हलवू लागल्या. हो हो, झाले की. तांदूळ ज्याचे, पुण्य त्याचं.

"हो, झाले," माल्सुनताई म्हणाल्या आणि वड्या वाटायला लागल्या.

बसमध्ये अंधार झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "कुठल्या ओळीत आहे?"

"खालून दुसऱ्या. खिडकीकडे."

"खिडकी उघडी असते?"

"होती उघडी."

"काय दिसतं?"

"समुद्र. आपली बाजू."

त्यांनी मान हलवली. पुढे कुणीतरी माइकवर गाणं म्हणत होतं, त्याला त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

घरी पोचलो तर सोकजू गाडीची किल्ली हातात घेऊन अंगणात उभा होता. त्याला पहाटे कामावर जायचं होतं. "बाबा दिवसभर जेवले नाहीत," तो म्हणाला. दोष देण्यासारखं काही त्याच्या आवाजात नव्हतं, नुसता थकलेला होता. "कसं करतेस गं तू रोज?" माल्सुनताईंनी कोट न काढताच भात मऊ करून भरवायला घेतला. गिहोभाऊ तिच्या तोंडाकडे बघत एकेक घास खात होते. लहान मूल रुसून मग जेवतं तसे. चमचा शेजारी पडला होता.

त्यानंतर पुन्हा सगळं सुरू झालं. पाहुणे, शिंपल्यांचं सूप, सूर्योदय किती वाजता, बोट कुठून सुटते, कुठला विहार आधी करावा. ते सगळं ती पाहुण्यांना बारकाईनं सांगते. योन्दोला जाणार असाल तर उजव्या बाजूला बसा, जाताना ऊन लागत नाही, असंही एकाला सांगताना मी ऐकलं. अधिक महिना संपत आला होता. मेंगबाईंनी मंडळाच्या बैठकीत यंदा सगळ्यांचे तिन्ही विहार झाले असं जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माल्सुनताई बैठकीला नव्हत्या. तिथवर चमच्याचा आवाज येत होता.

मग परवा त्या माझ्या अंगणात आल्या. त्या कधीही रिकाम्या हातानं येत नाहीत. वाटीभर काहीतरी असतंच, नाहीतर निदान माझं भांडं परत करायचं असतं. त्या दिवशी हातात काहीच नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून एप्रनच्या खिशात घातले होते.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको, उशीर होतोय." गल्लीत चमचा वाजायला लागला होता. त्या वळल्या नाहीत. "युरीची आई, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"गुरुवारी दुपारी आमच्या घरी बसशील? ह्यांच्याजवळ. ते चमचा आपटतील, तू नुसतं बसून राहायचं. दुपारच्या बोटीनं जाऊन संध्याकाळच्या बोटीनं येईन. मला योन्दोला जायचंय."