केशरचा उपवास

ज्या श्रीहरीने अवतार घेताना सर्वांआधी माशाचा देह निवडला, त्याच्या चरणी मस्तक ठेवून सुरुवात करते.

सांगलीतले आमचे महिलांचे भजनी मंडळ दर गुरुवारी कुसुमताईंच्या घरी जमते. पेटी उघडून, टाळ वाटून पहिला अभंग सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात नामस्मरण कमी आणि किस्से अधिक साठतात. अलीकडचे सगळे किस्से केशरचे आहेत. केशर म्हणजे कुसुमताईंच्या काचेच्या टाकीतली सोनेरी मासोळी.

कुसुमताई एकट्या राहतात. मुलगा अमित शिरवळला नोकरीला. "आई, घर बंद कर आणि इकडे ये," हा त्याचा आग्रह, "केशरला कोण बघेल?" हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यामुळे एका गुरुवारी केशर पोट फुगून पाण्यावर तिरकी तरंगताना दिसली, तेव्हा कुसुमताईंचा चेहरा पार उतरला.

"ही गेली, तर मला सांगली सोडावी लागणार."

*

चौकशीत निष्पन्न झाले ते असे : आरतीनंतर घरी निघताना आम्ही साऱ्याजणी केशरला प्रसाद देत होतो.

"मी आपला एकच कण टाकला," असे प्रत्येकीचे म्हणणे.

"बरोबर आहे," कुसुमताई म्हणाल्या. "लग्नाच्या पंगतीतही प्रत्येक वाढपीण एकच जिलबी वाढते."

*

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने मोबाईलवर फोटो पाहून निदान केले, "अपचन आहे. दोन-तीन दिवस उपवास करू द्या."

उपवासाची जबाबदारी आमच्या मंडळातल्या, मूळच्या आटपाडीच्या मालनबाईंनी घेतली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर टाकीच्या तळाशी भिजवलेला साबुदाणा.

"मालनबाई, हे काय?"

"आवं, उपासाचंच हाय की. मीठसुदिक घातलं न्हाई."

शेजारच्या पद्मावहिनी जैन. त्यांनी चष्म्यावरून टाकीकडे पाहिले. "आमच्यात उपवास म्हणजे उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. तुमच्या उपवासाला माणसाचंच पोट बिघडतं, तिथं मासोळीचं काय घेऊन बसलात?"

साबुदाणा गाळणीने काढला गेला आणि केशरचा उपवास पद्मावहिनींच्या पद्धतीने सुरू झाला.

*

केशर फारच मलूल दिसली, तेव्हा मी भक्तिभावाने पूजेचा तांब्या उचलला. तुळशीपत्र घातलेले तीर्थ टाकीत सोडणार, तोच कुसुमताईंनी माझा हात धरला.

"राहू द्या, माई. तिला बरं करायचंय. निरोप नाही द्यायचा."

*

पुढच्या गुरुवारी रोग्याला त्रास नको म्हणून टाळ बंद ठेवले. नुसत्या पेटीवर अभंग सुरू झाला आणि दुसऱ्याच कडव्यात आम्हा सर्वांना कळले, की मालनबाईंना अर्धे शब्द येतच नाहीत.

"लय वरसं टाळांनी झाकलं हुतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या माशानं उघडं पाडलं."

*

केशरचे पोट हळूहळू उतरले, ती सरळ पोहू लागली. आणि नेमका त्याच सुमारास अमित गाडी घेऊन आईला न्यायला आला. आम्ही जमलेल्याच होतो.

तो टाकीसमोर वाकला. "आई, ही तर ठणठणीत झाली. हिला बादलीतून नेऊ. बॅग भर."

"छे रे. अजून अशक्तपणा आहे," कुसुमताई म्हणाल्या.

"लय अशक्तपणा हाय," मालनबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून जपमाळ ओढू लागले.

पद्मावहिनी कधी खोटे बोलत नाहीत, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. अमित लहानपणापासून त्यांना काकू म्हणतो. तो त्यांच्याकडेच वळला. "काकू, तुम्ही सांगा. झेपेल ना हिला प्रवास?"

पद्मावहिनींनी केशरकडे पाहिले, मग कुसुमताईंकडे पाहिले, आणि पदर सावरत म्हणाल्या, "आत्ता कुठे इथल्या पाण्यात सरळ झाली आहे, बाळा."

 अमितने गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि सतरंजीवर आमच्या रांगेत येऊन बसला.

"मग मीच राहतो चार दिवस. तिचा अशक्तपणा उतरेपर्यंत."

ऐकणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य लाभो, आणि प्रत्येक घरात जिवाला जीव देणारी सोबत नांदो, हीच श्रीहरीपाशी प्रार्थना.